सकाळचा पहिला घाणा

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात झालेलं भाषण. बोलल्याप्रमाणेच छापलं आहे.)



माझ्या आधी आपले डॉक्टर बोलले, बँकेतले साहेब बोलले, परदेशातून आलेली मैत्रीण बोलली. मी दहावीनंतर केळीच्या ट्रकवर क्लीनर म्हणून चढलो, मग ड्रायव्हर झालो, पुढे स्वतःच्या दोन गाड्या झाल्या. आता पोरगा बघतो. त्यामुळे माझ्याकडे सांगण्यासारखं जे काही आहे ते सगळं रस्त्यावरचंच.

संयोजकांनी विषयही तसाच दिला. जानेवारीत आपण चौदा जण तीन गाड्या घेऊन राजस्थानच्या वाळवंटात निघणार आहोत. मुक्कामाची हॉटेलं मोबाइलवर बुक झाली. पण सकाळी गाडीत बसल्यावर नाश्त्याला कुठे थांबायचं, हे कोणाला ठरवता येईना. मग कोणीतरी म्हणालं, त्याला विचारा, तो तीस वर्षं याच रस्त्याने जेवलाय. खरं आहे ते. भूगोलाच्या सरांनी नकाशात थरचं वाळवंट ठिपके देऊन काढायला लावलं होतं. मी तिथे पोचेन असं सरांनाही वाटलं नसेल आणि मलाही.

आधी रस्ता सांगतो. आपल्या जळगावहून सुरतेकडे जाणारा, ज्याला आपण अजून सहा नंबर म्हणतो, त्याचा नंबर आता ५३ आहे. धुळ्याला तो आग्रा रोडला मिळतो. पूर्वी धुळ्याहून इंदूर, देवास, ब्यावरा इथपर्यंत तीन नंबर होता आणि ब्यावऱ्याहून कोटा, जयपूर बारा नंबर. आता धुळ्याच्या चौकातून उत्तरेला निघालात की सेंधवा, इंदूर, ब्यावरा, झालावाड, कोटा, बुंदी, टोंक, जयपूर, सीकर आणि थेट चुरू, सगळा एकच ५२ नंबर. चुरू म्हणजे जिथे जूनमध्ये पारा ५० च्या वर गेलाय आणि जानेवारीत शून्याच्या खाली जातो ते गाव. धुळ्याच्या माणसाला वाळवंटात जायला वळायची गरज नाही, सरळ जात राहायचं.

आता नाश्ता. तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? पोहे दिसले, थांबलो, खाल्ले. तर एक गोष्ट सांगतो.

१९८५ चा मे महिना. मी १९ वर्षांचा, क्लीनर. आपल्याच भागातल्या एका शेतकऱ्याचा माल जयपूरच्या मंडईला निघाला होता. त्या माणसाने केळी बांधावर व्यापाऱ्याला न देता स्वतःच्या जोखमीवर पाठवली होती, कारण त्या आठवड्यात इथला भाव फार पडला होता. तेव्हा क्रेट नव्हते, खोकी नव्हती. कच्चे घड केळीची पानं अंथरून एकावर एक रचायचे आणि वरून ताडपत्री. मे महिन्यात अशी गाडी म्हणजे जळता दिवा. किती तासांत पोचता यावरच सगळं. दोन रात्रींत मंडईत उतरली तर हिरवी, नाहीतर ‘गाडी पिकली’ म्हणायचे. पिकलेल्या गाडीला मंडईत कोणी उभं करत नाही.

रात्री घाट चढलो, पहाटे इंदूर ओलांडलं. देवासच्या पुढे एका झकपक हॉटेलासमोर उस्तादांनी गाडी लावली. नवा रंग, बाहेर पाट्या, आत टेपवर गाणी. उस्तादांनी समोसे घेतले, त्यावर दही आणि हिरवी पातळ चटणी. मला भूक नव्हती, मी चहा आणि बटर घेतलं. दुपारी ब्यावऱ्याच्या अलीकडे उस्ताद गाडी बाजूला घेऊन उतरले ते शेतातच बसले. मग उलट्या. संध्याकाळी त्यांना उभं राहता येईना. माझ्याकडे जड गाडीचं लायसन नव्हतं आणि तेव्हा मोबाइलही नव्हता. एका ट्रॅक्टरवाल्याने त्यांना दवाखान्यात नेलं, सलाईन लागलं. मी गाडीपाशी. ताडपत्रीचे कोपरे सैल केले, विहिरीतून डबा डबा पाणी आणून पानांवर शिंपडत राहिलो. १८ तास गाडी तिथे उभी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या घडांना पिवळी झाक दिसायला लागली.

जयपूरला माल निम्म्याच्या आत भावाने गेला.

त्या शेतकऱ्याने भाडं पूर्ण दिलं. एक शब्द बोलला नाही. उलट उस्ताद घरी आल्यावर त्यांना बघायला ताकाची बरणी घेऊन आला. पण त्याच्या पोराची इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची फी त्या गाडीवर होती. पोरगा ते वर्ष घरी राहिला, केळीला पाणी देत. पुढच्या वर्षी परत गेला आणि शिकला. तो पोरगा आपल्या वर्गातला. आता समोर तिसऱ्या रांगेत बसलाय, म्हणून नाव घेत नाही. सहलीचं ठरलं तेव्हा त्याने मला एकच विचारलं, “यंदा ब्यावऱ्याच्या आधी कुठे थांबायचं ते तू ठरव.” हसा, तोही हसतोय.

तेव्हापासून आमच्या उस्तादांनी आणि पुढे मी जे जे बघत आलो, ते सांगतो.

पाटी बघू नका, कढई बघा. काउंटरपाशी जायच्या आधी कढईपाशी जा. तेल काळपट, वर फेस, वास जुनाट, म्हणजे कालचं तेल. स्वच्छ तेलात पहिला घाणा पडला की वासावरून लांबूनच कळतं. चांगली जागा ती जिथे तुम्ही पोचता तेव्हा घाणा निघत असतो. ताटात आधीच रचून ठेवलेले समोसे कितीही सुंदर दिसोत, ते कधीचे हे देवाला माहीत.

दुसरं, ट्रक उभे आहेत म्हणजे जेवण चांगलं, असं सगळे म्हणतात. मी ट्रकवाला आहे म्हणून सांगतो, रात्री ट्रक उभे राहतात ते मोकळ्या जागेसाठी, पाण्यासाठी आणि डिझेल चोरीला जाऊ नये म्हणून. चव हे कारण नंतरचं. बसचंही तसंच, बसला थांबा ठरलेला असतो, प्रवाशाला कोण विचारतो? सकाळी मात्र नंबर प्लेट वाचा. ज्या जिल्ह्यात उभे आहात त्याच जिल्ह्याच्या गाड्या तिथे असल्या पाहिजेत. एरंडोल-पारोळ्याला एमएच १९, धुळ्याला एमएच १८, सेंधव्याला एमपी ४६, कोट्याला आरजे २०, सीकरला आरजे २३, चुरूला आरजे १०. दूधवाल्याची मोटारसायकल, शाळेवर निघालेल्या मास्तरांची स्कूटर, हे दिसलं की डोळे मिटून बसा. रोज खाणाऱ्या माणसाला कोणी शिळं घालत नाही, कारण तो उद्या परत येऊन भांडणार असतो. आपण काय, गेलो ते गेलो.

पंक्चरवाल्याला विचारा, पण नीट विचारा. ‘इथे चांगलं हॉटेल कुठे?’ असं विचारलं की तो आपले कपडे बघून लांबचं एसी हॉटेल दाखवतो. आमचे उस्ताद विचारायचे, “सकायी काय खाल्लं रे भो?” मग तो खरं सांगतो, आणि कुठे खाल्लं तेही. हिंदी मुलुखातही हाच प्रश्न चालतो.

आता आपल्या घरच्या रस्त्याचं थोडं. जळगावपासून धुळं ९०-९५ किलोमीटर. पूर्वी हा रस्ता गावागावांतून जायचा. पारोळ्याच्या अलीकडे एक मावशी होत्या. पहाटे चारला त्यांची भट्टी पेटायची. कांदा भरपूर, वर शेव, बाजूला तळलेली मिरची आणि लिंबाची फोड. पोह्यांची पहिली कढई केळीवाल्यांची, दुसरी एसटीवाल्यांची, तिसरी गावाची, आणि नऊ वाजता दुकान बंद. नऊनंतर गेलात तर मावशी म्हणायच्या, “उद्या ये रे बाबा.” चौपदरी रस्ता झाला आणि गाड्या गावाबाहेरून जायला लागल्या. मावशींचं दुकान होतं तिथेच राहिलं, रस्ता हलला. सहा महिने भट्टी पेटली नाही. मग आमच्यातल्याच एका ड्रायव्हरने त्यांच्या पोराला सुचवलं, आणि आता निघताना फोन केला की तो नव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर डबा आणि चहाचा थर्मास घेऊन उभा राहतो. आपल्या तीन गाड्यांचं मी सांगून ठेवलंय. चौदा प्लेटा. वांग्याचा हंगाम असेल, भरीतही देईन म्हणालाय. तुरकाठीवर भाजलेलं, बडगीत ठेचलेलं, हिरव्या मिरचीचं, सोबत कळण्याची भाकरी. मोठ्या शहरात लाल मसाला घातलेलं जे भरीत मिळतं, त्याला मी भरीत म्हणत नाही, तुम्ही म्हणत असाल तर तुमची मर्जी. २०१६ साली आपल्या भरिताच्या वांग्याला आणि केळीला, दोघांनाही भौगोलिक मानांकन मिळालं. वर्तमानपत्रात वाचलं तेव्हा मला वाटलं, आपल्या पोटाला हे आधीच माहीत होतं.

या चौपदरीवरून एक महत्त्वाचं. मध्ये डिव्हायडर आहे. पलीकडच्या बाजूचं हॉटेल कितीही चांगलं असो, ते आपल्यासाठी नाही. उलट्या बाजूने गाडी घालायची नाही, डिव्हायडर तोडलेल्या जागेतून वळायचं नाही. मी या रस्त्यावर जे अपघात पाहिलेत त्यातले बरेच चहाच्या टपरीपाशी झालेत. आपल्या हाताला, डावीकडे जे येईल तेच आपलं. आणि खरी चांगली दुकानं आता मोठ्या रस्त्यावर नाहीतच, ती जुन्या गावात राहिली. पुलाखालून सर्व्हिस रोडने किलोमीटरभर आत जायचं, जुन्या स्टँडपाशी. दहा मिनिटं जातात, पण पोट वाचतं.

धुळं सोडलं की सोनगीर, नरडाणा, मग सावळद्याला तापी, आणि शिरपूर. चहा लागला तर शिरपूरला घ्या, कारण पुढे घाट आहे आणि घाटात थांबायचं नाही. भरल्या पोटाने घाटाची वळणं घ्यायची नाहीत, विशेषतः मागच्या सीटवरच्यांनी. खलघाटला नर्मदा लागते. तिथे ज्याला हात जोडायचे त्याने जोडावेत. दुपारी इंदूर.

इंदूरला मुक्काम का ठेवलाय ते आता सांगतो. तिथले पोहे हे सकाळचेच खायचे. त्यांची कढई उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवलेली असते, म्हणून पोहे तासभर मऊ राहतात, तेल कमी लागतं. वर शेव, कांदा, बडीशेपेचा वास आणि जीरावन नावाचा मसाला. बाजूला गरम जिलबी. आपल्या पोह्यांपेक्षा गोडसर. पहिल्यांदा खाल तर नाक मुरडाल, दुसऱ्यांदा मागाल. कोट्याला कचोरी. उडदाच्या डाळीची, हिंगाचा दणका, आपल्याकडच्या कचोरीहून कडक. ती एक पुरते. दोन खाल्ल्या तर बुंदीपर्यंत डोळे मिटायला लागतात, आणि हा विनोद नाही.

तेच सांगायचं होतं. सकाळी आठला तळलेलं आणि वर गोड खाल्लं की दहा-साडेदहाला झोप येते. गाडीतल्या बाकीच्यांना आली तर येऊ दे, चालवणाऱ्याला आली तर चौदा घरं. म्हणून जो चालवतोय त्याने अर्धं खायचं, पाच मिनिटं गाडीभोवती चालायचं, मग चहा. उरलेलं अर्धं दोन तासांनी. आमच्या धंद्यात हा नियम मोडणारे काही जण आज नाहीत. त्यांच्याबद्दल इथे जास्त बोलत नाही.

आणि गोळ्यावाले हात वर करा. बघा, निम्मा वर्ग! साठीला टेकलो आपण. साखरेची गोळी किंवा इन्शुलिन घेऊन ‘पुढे चांगली जागा लागेल’ म्हणत दोन तास बसायचं नाही. डॉक्टर समोर आहेत, चूक असेल तर सांगा. मान हलवताहेत, म्हणजे बरोबर आहे. प्रत्येक गाडीत केळी, भाजलेले शेंगदाणे, दोन भाकरी पाहिजेतच. केळीसारखं प्रवासातलं खाणं नाही. देवाने वरून साल घातलीय, त्यात कोणाचा हात लागत नाही, पाणी लागत नाही. हे मी केळीवाला म्हणून सांगत नाही. बरं, थोडं म्हणून सांगतो.

पातळ चटणी, दही, कापलेला कांदा आणि जगातलं पाणी, हे चार उस्तादांनी त्या मे महिन्यानंतर आयुष्यात रस्त्यावर घेतले नाहीत. उकळता चहा आणि कढईतून थेट ताटात आलेलं, एवढंच.

मैत्रिणींनो, तुम्ही हे विचारलं नाहीत, पण ट्रकवर बायका नसतात म्हणून आम्हाला कधी सुचलं नव्हतं, माझ्या सुनेने शिकवलं. नाश्त्याची जागा आणि स्वच्छतागृहाची जागा एकच असेल असं धरून चालू नका. आधी मोठ्या कंपनीचा पेट्रोल पंप, मग नाश्ता. तिन्ही गाड्यांनी हा क्रम पाळायचा आहे. कोणी ‘नाही, मला नाही जायचं’ म्हणून गाडी पुढे दामटायची नाही.

जयपूर सोडून सीकरकडे लागलात की रंग बदलतो. झाडं खुजी होतात, खेजडी दिसायला लागते, वाळू रस्त्यावर येते. फतेहपूर, चुरूला जानेवारीत पहाटे धुकं असतं, समोरचा ट्रक दिसत नाही. तिथे आपल्यासारखं पहाटे साडेचारला निघायचं नाही. सूर्य वर येऊ द्या. ढाबेही उशिरा उघडतात. बाजरीची जाड रोटी, वर तूप आणि गूळ, ही तिथली थंडीतली सकाळ. उन्हाळ्यात गेलो तर तीच माणसं राबडी देतात. दुधाची नव्हे हं! बाजरीचं पीठ ताकात शिजवून आंबवलेली, थंड, सोबत कांदा. पहिल्यांदा तोंडाला लावली तेव्हा मला आजीची आंबील आठवली. मे महिन्यातला भुसावळचा माणूस आणि जूनमधला चुरूचा माणूस, दोघांनाही उन्हाने एकच स्वयंपाक शिकवलाय. आपली वरण-बट्टी घ्या. आपण बट्टी उकडून, कापून तळतो. ते गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात. त्यांना आपली दाखवली तर म्हणतात ही बाटीच नाही, आपण त्यांची खाल्ली की म्हणतो ही भाजलीय की जाळलीय. भांडण गोड आहे, एकदा करून बघा.

वाळवंटात एक जास्तीची गोष्ट बघायची, ढाब्याची भट्टी वाऱ्याकडे पाठ करून आहे का. उघड्यावर समोरून वारा येत असेल तर पहिल्याच घासाला दाताखाली करकर होते. चांगला ढाबेवाला पश्चिमेला भिंत नाहीतर गवताची झापं लावतो. भिंत दिसली की समजा, माणूस कामाचा आहे.

मला चिठ्ठी आलीय, वेळ संपली म्हणून. शेवटचं काम सांगतो. ११ जानेवारीला पहाटे साडेचारला तिन्ही गाड्या शाळेच्या फाटकापासून निघतील. कळण्याचं पीठ मी देतो, भाकरी कोण करून आणणार ते आज जेवायच्या आधी ठरवा. केळीचा घड माझ्याकडून, कच्चा घेतोय, कोट्यापर्यंत पिकेल. आणि तिसऱ्या रांगेतल्या आमच्या मित्राला पहिल्या गाडीत, माझ्या शेजारी बसवा. देवासच्या पुढे कढई बघायला तो उतरणार आहे.